इंडियाना पेसर्स २०२४-२५ : गेम ७ हरले, पण सीझनवर बोलायचंय

कारमेलकर | २३ जून २०२५, २१:१२

इथे क्रिकेटचे पन्नास धागे, टेनिसचे आहेत, फॉर्म्युला वनचा पण एक धावतोय, एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग) एकही जिवंत धागा सापडला नाही म्हणून हा काढतोय. आधीचा असेल तर अॅडमिननी जोडून टाकावा.

काल रात्री ओक्लाहोमा सिटीला फायनलचा गेम ७ झाला. त्यांची टीम थंडर १०३, आमचे पेसर्स ९१, सातातल्या चार जिंकायच्या अशी सीरिज, ती ४-३. मी इंडियानापोलिसच्या शेजारी कारमेलला राहतो, तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

ज्यांनी फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी आधी सीझनची गोष्ट. सुरुवात फार रडकी होती. पहिल्याच मॅचला बॅकअप सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जेम्स वाइजमनचा अकिलीस (पोटरी टाचेला जोडणारी दोरी) तुटला, थोड्याच दिवसांत दुसरा बॅकअप आयझाया जॅक्सन, त्याचाही अकिलीसच, मग नेमहार्ड आणि नेस्मिथ दोघं जखमी, आणि टायरीज हॅलिबर्टन, ज्याच्यावर सगळी मदार, तो फॉर्मात नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला १० जिंकलेल्या १५ हरलेल्या. नवीन वर्ष लागलं तेव्हा १६-१८. मग पोरं बरी होऊन परत आली, डिसेंबरात मायामीकडून थॉमस ब्रायंटला आणून सेंटरची जागा भरली, आणि उरलेल्या ४८ पैकी ३४ मॅच जिंकल्या. एकूण ५०-३२, ईस्टमध्ये (लीगचा पूर्वेकडचा अर्धा भाग) चौथा नंबर. एप्रिलमध्ये खेळाडूंचा एक निनावी पोल आला, लीगमधला सगळ्यात ओव्हररेटेड खेळाडू कोण, त्यात हॅलिबर्टन पहिला.

आणि मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या. मिलवॉकीशी गेम ५, ओव्हरटाइमचे ४० सेकंद उरलेत आणि ११८-१११ असे ७ नी मागे, जिंकले ११९-११८. क्लीव्हलंड, ज्यांनी ६४ मॅच जिंकल्या होत्या, त्यांच्या घरी गेम २, शेवटच्या मिनिटात परत ७ नी मागे, शेवटी ३ नी मागे असताना हॅलिबर्टनला एकेका पॉइंटचे दोन फ्री थ्रो, पहिला गेला, दुसरा चुकला, स्वतःच्याच चुकलेल्या फ्री थ्रोचा रिबाउंड स्वतः घेतला, मागे सरकला आणि थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट), १.१ सेकंद बाकी, १२०-११९. न्यूयॉर्कला गेम १, तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ आणि १४ नी मागे, तीही जिंकली, १३८-१३५ ओव्हरटाइम. आणि फायनलचा गेम १ थंडरच्या घरी, चौथ्या क्वार्टरमध्ये १५ नी मागे होते, अख्ख्या मॅचमध्ये एकदाच पुढे गेले ते शेवटचे ०.३ सेकंद उरले असताना, १११-११०.

आता माझा मुद्दा. सगळीकडे एकच ऐकतोय की पेसर्सचं नशीब जोरात होतं आणि गेम ७ ला ते संपलं. मला हे अजिबात पटत नाही. एकदा होतं ते नशीब, चार सीरिजमध्ये चारदा होतं त्यामागे काहीतरी कारण असणारच ना. कोच रिक कार्लाईल दहा-दहा माणसं खेळवतो, बाकीच्या टीम प्लेऑफमध्ये सात-आठवर येतात. नेमहार्ड आणि नेस्मिथ समोरच्याच्या बॉल आणणाऱ्या माणसाला त्याच्याच बास्केटपाशी गाठतात, अख्खं कोर्ट त्याला शांतपणे चालू देत नाहीत, पहिल्या क्वार्टरमध्ये त्याचं काही वाटत नाही, पण शेवटच्या चार मिनिटांत त्याच माणसाचे पाय जड झालेले असतात आणि तेव्हा तो बावळट पास देतो आणि लोक म्हणतात पेसर्स लकी.

बोला.

विजांचा_कडकडाट | २३ जून २०२५, २१:५८

धाग्याबद्दल धन्यवाद आणि हार्दिक सांत्वन :)

पुण्यातून थंडरचा फॅन, ड्युरंट-वेस्टब्रुकच्या काळापासूनचा, म्हणजे आमचा वनवास पण बराच झाला. सकाळी साडेपाचला गेम ७ आणि सोमवार, ऑफिसच्या स्टँडअपला मी झोपेत होतो पण विजयी झोपेत.

भाऊ तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण प्रामाणिकपणे बघा. मिलवॉकीचा लिलार्ड गेम ४ मध्येच अकिलीस तुटून गेला. क्लीव्हलंडच्या त्या गेम २ ला गार्लंड नव्हता, मोबली नव्हता, हंटर नव्हता, तरी एकट्या मिचेलनी ४८ मारले. बॉस्टन तुमच्या वाटेत येणार होतं, टेटमचा अकिलीस गेला आणि ते न्यूयॉर्कलाच हरले. म्हणजे समोरची टीम दर वेळी लंगडीच मिळाली.

आणि फायनलच्या गेम १ ला पहिल्या हाफमध्येच तुम्ही १९ वेळा बॉल घालवला होतात! १९! तरी जिंकलात. याला माझ्याकडे नशीब सोडून दुसरं नाव नाही. आम्ही ६८-१४ होतो राव, सरासरी जवळजवळ १३ पॉइंटच्या फरकानी जिंकत होतो, असा फरक एनबीएच्या इतिहासात कोणाचाच नाही. तशा टीमला सात मॅचपर्यंत ओढलंत हे मान्य, त्याला सलाम.

निक्सग्रस्त | २३ जून २०२५, २२:३०

एडिसन, न्यू जर्सी. या धाग्यावर यायचं नाही असं ठरवलं होतं, आलो.

तो गेम १. आमच्याकडे ट्रायस्टेटमधली निम्मी मित्रमंडळी एका घरी जमलेली, २००० नंतर पहिल्यांदा निक्स (न्यूयॉर्कची टीम) कॉन्फरन्स फायनलमध्ये, म्हणजे ईस्टच्या फायनलमध्ये, आणि २००० ला कोणी घरी पाठवलं होतं? पेसर्सनीच. १४ नी पुढे, तीन मिनिटं पण नाहीत. एकजण गाडी बाहेर काढायला पण गेला होता, ट्रॅफिक लागायच्या आत घरी जायचं म्हणून. आणि तो नेस्मिथ! चौथ्या क्वार्टरमध्ये सहा थ्री!! एकेक थ्री पडतोय आणि आम्ही म्हणतोय ठीके, आता चुकेल, आता चुकेल. नाही चुकला. आमचेच लोक फ्री थ्रो चुकवतायत. मग हॅलिबर्टनचा शेवटचा शॉट, रिमच्या मागच्या बाजूला लागून बॉल सरळ वर, बॅकबोर्डच्या पण वर, वाटलं सुटलो, आणि खाली येऊन आत. आणि हा प्राणी धावत सुटला गळ्याला हात लावून, पेसर्सच्या जुन्या स्टार रेजी मिलरनी १९९४ ला गार्डनमध्ये (निक्सच्या घरच्या स्टेडियममध्ये) केलं होतं तसं, आणि मिलर स्वतः तिथे कॉमेंट्रीला बसलेला! त्याला वाटलं थ्री आहे, जिंकलो. नंतर रिप्लेमध्ये दिसलं पाय लाइनवर, दोनच पॉइंट, १२५-१२५. आमच्या घरात परत आरडाओरडा, देव आहे म्हणून. पाच मिनिटांनी देव नव्हता.

नशीब की तयारी मला माहीत नाही, बॉल बॅकबोर्डच्या वर जाऊन सरळ खाली येतो याची तयारी कोणती प्रॅक्टिस करून होते ते कार्लाईलला विचारा. पण नेस्मिथचे सहा थ्री हे नशीब नाही. ते आमचं पाप.

सीरिज ४-२ नी गेली, दोन दिवसांनी की तीन, थिबोडो सरांना काढलं. पंचवीस वर्षांनी इथवर आणलेल्या कोचला. असो. माझा धागा नाही.

वाचनमात्र | २३ जून २०२५, २२:४१

वाचतोय. चिवडा घेऊन बसलोय.

वरळी_सीफेस | २३ जून २०२५, २३:२०

कारमेलकर, तुम्हाला एक गंमत सांगतो, हेच पेसर्स आमच्या वरळीला खेळून गेलेत. ऑक्टोबर २०१९, एनएससीआय डोम, ४ आणि ५ तारखेला दोन मॅच, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, एनबीएच्या टीम भारतात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळेतली पोरं भरली होती, हजारोंनी, ती मॅच गेली ओव्हरटाइमला आणि पेसर्स १३२-१३१ जिंकले, म्हणजे ही एका पॉइंटची सवय जुनीच दिसतेय. दुसऱ्या दिवशीची मी स्टँडमधून बघितली, १३०-१०६, एकतर्फी. आम्ही नागपाड्याच्या कोर्टवर वाढलेली पोरं, मस्तान तलावच्या ग्राउंडवर उन्हात खेळायचो, आणि तिथे समोर सात फुटी माणसं वॉर्मअपला हसत-खेळत डंक मारतायत, माझ्याबरोबरचा दोस्त मॅच सुरू व्हायच्या आधीच म्हणाला पैसे वसूल, चल वडापाव खाऊ.

त्या पेसर्समधले या फायनलपर्यंत राहिले दोनच, मायल्स टर्नर आणि टी. जे. मॅकॉनेल. बाकी टीम पूर्ण बदलली, कोचही तेव्हा नेट मॅकमिलन होता. आणि खरी मजा पुढे आहे. त्या दिवशी पेसर्सकडून सबोनिस खेळला, किंग्जकडून बडी हील्ड. सव्वादोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२, याच दोन टीमनी सौदा केला, सबोनिस गेला सॅक्रामेंटोला, हील्ड आणि एक दुसऱ्या वर्षाचा पोरगा आला इंडियानाला. तो पोरगा हॅलिबर्टन. किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईत जन्मलेले, त्यांनीच सोडला म्हणायचा.

कारमेलकर | २४ जून २०२५, ०४:०५

@वरळी_सीफेस, भारी! हे मला माहीतच नव्हतं, मी तेव्हा इथे नव्हतो. पण रणदिवेंना अगदीच नावं ठेवू नका, सबोनिस आल्यावर पुढच्याच वर्षी सॅक्रामेंटो १६ वर्षांनी प्लेऑफमध्ये गेलं. दोघांचं भलं झालं असं तेव्हा वाटलं होतं. आता एका बाजूचं जरा जास्तच झालं हे खरं.

@कडकडाट, लंगडी टीम मिळाली म्हणता, मग गेम ६ ला काय झालं होतं? तुमचे सगळे धडधाकट, आमचा हॅलिबर्टन पोटरी धरून खेळतोय, आदल्या गेम ५ मध्ये त्याला एकही फील्ड गोल जमला नव्हता. आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर स्कोर किती? ९०-६०. तीस पॉइंटनी तुमची ६८ मॅच जिंकणारी टीम मागे. शेवट १०८-९१. शे गिल्जस-अलेक्झांडरनी त्या दिवशी आठ टर्नओव्हर केले, म्हणजे आठ वेळा बॉल घालवला, सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू)! का केले? दमला म्हणून. सहा मॅच सतत त्याच्या अंगावर कोणी ना कोणी ताजा माणूस. टॉपिननी बेंचवरून २० मारले. तो निक्सला नको झालेला माणूस, दोन सेकंड राउंड पिकवर (नवे खेळाडू निवडायच्या दुसऱ्या फेरीतल्या दोन पाळ्यांवर) आला. (निक्सग्रस्त, माफ करा.)

आणि टर्नओव्हरचं म्हणाल तर त्या एका हाफवर टीमची किंमत नका ठरवू, हॅलिबर्टनचा सीझन बघा, मॅचमागे नऊच्या वर असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि टर्नओव्हर दीडच्या आसपास. न्यूयॉर्कशी गेम ४ मध्ये ३२ पॉइंट, १५ असिस्ट, १२ रिबाउंड आणि टर्नओव्हर शून्य. प्लेऑफमध्ये असं आधी कोणीच केलेलं नाही. त्याच मॅचला त्याचे वडील पुन्हा स्टेडियममध्ये आले होते, मिलवॉकीच्या गेम ५ नंतर कोर्टात घुसून तिथल्या स्टार यानिसच्या तोंडासमोर टॉवेल नाचवला म्हणून घरी बसवलं होतं त्यांना.

निक्सग्रस्त | २४ जून २०२५, ०४:३०

टॉपिनचं नाव काढायची काही गरज होती का.

राजेहो | २४ जून २०२५, १०:१५

काय राजेहो, सारे हॅलिबर्टन हॅलिबर्टन करून राह्यले, मॅकॉनेलले कोणी इचारत नाही? नागपूरहून लिहून राह्यलो, आमच्या इथं बी बास्केटबॉलवाले लय हायत, पन आमच्या गल्लीत सव्वासहा फुटाचा मानूस सेंटर खेळते. मॅकॉनेल त्याच्याइतका बी नाही, कोणत्याच टीमनं ड्राफ्ट केला नाही त्याले, केस पाह्यले त बँकेतल्या क्लार्कवानी, आन् फायनलच्या गेम ३ मंधी समोरच्यानं बॉल आत टाकता टाकता हिसकावून घेते, पाच स्टील! १० पॉइंट, ५ असिस्ट, ५ स्टील, बेंचवरून. त्याच मॅचले मॅथुरिननं बी बेंचवरूनच २७ मारले. आन् गेम ७ मंधी हॅलिबर्टन जखमी होऊन गेल्यावर तिसऱ्या क्वार्टरले एकटा गडी १२ पॉइंट करून राह्यला होता, बाकी साऱ्याइचा श्वास गेलेला.

मले त सारा सीझन त्या एका मानसासाठी पाहावा वाटला.

बोरिवलीची_मावशी | २४ जून २०२५, ११:०२

नमस्कार, मी या विषयावर नवीन आहे. मुलगा सून नातू इंडियानापोलिसला असतात, मागच्या वर्षी तीन महिने राहून आले तेव्हा त्यांनी ही सवय लावली, आता मी इथे सकाळी सहाला चहा घेऊन बसते आणि हे म्हणतात म्हातारपणी काय हे. तुम्ही सगळे नशीब नशीब म्हणताय, मला यातलं तांत्रिक कळत नाही पण मला एक दिसलं ते सांगते, लग्नाच्या पंगतीत वाढपी बदलत राहतात, दमलेला आत जातो ताजा बाहेर येतो, जेवणाऱ्याला मात्र उठता येत नाही. पेसर्स तसे वाटले मला. समोरच्यांचे तेच चार पाच जण शेवटपर्यंत.

एक प्रश्न, त्या हॅलिबर्टनला दुखापत असताना गेम ७ ला खेळवायलाच नको होतं ना? तो खाली पडून जमिनीवर हात आपटत होता ते मला बघवलं नाही. त्याच्या आईला काय वाटलं असेल.

विजांचा_कडकडाट | २४ जून २०२५, ११:२०

मावशी __/\__ तुमचा प्रतिसाद धाग्यातला बेस्ट.

फिजिओताई | २४ जून २०२५, १३:४५

मावशींच्या प्रश्नावर लिहिते, ठाण्यात स्पोर्ट्स फिजिओ आहे, पण लांबून टीव्हीवर बघून कोणाचंही निदान करता येत नाही हे गृहीत धरा.

पोटरीचे स्नायू खाली जाऊन अकिलीस टेंडनलाच मिळतात, म्हणजे एकच दोरी आहे, वरचा भाग ताणलेला असेल आणि तुम्ही पूर्ण जोरात पाऊल ढकलून पळायला लागलात तर खालच्या भागावरचा ताण वाढू शकतो. हॅलिबर्टनची गेम ५ पासून उजवी पोटरी ताणलेली होती आणि गेम ७ ला उजवाच अकिलीस गेला. हे पाहून सगळ्यांना २०१९ ची फायनल आठवली, केविन ड्युरंट, पोटरीचं दुखणं, टोरांटोविरुद्ध गेम ५ ला परत आला आणि अकिलीस. म्हणून लोक म्हणतात खेळवायलाच नको होतं.

पण माझं मत जरा वेगळं आहे. धोका आहे आणि नक्की होईल यात फरक असतो. गेम ६ तो असाच खेळला, काही झालं नाही. एमआरआय झाला होता, डॉक्टर होते, सगळं समजावून सांगितलं असणार, आणि पंचवीस वर्षांचा सज्ञान माणूस म्हणतोय मी खेळतो. फायनलचा गेम ७ आहे, अनेकांना अख्ख्या करियरमध्ये मिळत नाही. माझ्याकडे येणारे जिल्हा पातळीचे खेळाडू पण तसल्या मॅचला माझं ऐकत नाहीत आणि ऐकलं नाही म्हणून मी त्यांना मूर्ख म्हणत नाही. आज ऑपरेशननंतर त्यानी स्वतः लिहिलंय की परत वेळ आली तर परत हेच करीन.

नऊ महिने ते वर्ष लागतं. पुढचा सीझन विसरा असं मी तरी म्हणेन.

विजांचा_कडकडाट | २४ जून २०२५, १४:१०

अजून एक विचित्र योगायोग, या प्लेऑफमध्ये अकिलीस तुटलेले तिघं, लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन, तिघांच्या जर्सीचा नंबर शून्य. अंधश्रद्धा नाही पण मी टीमचा मालक असतो तर शून्य नंबर काढून टाकला असता.

आणि कारमेलकर, गेम ७ बद्दल एक कबूल करायला हवं, तो पडायच्या आधी पहिल्या सात मिनिटांत त्यानी तीन थ्री मारलेले, नऊ पॉइंट, आणि मी इथे पुण्यात नखं खात होतो. हाफटाइमला तो नसताना पण तुम्ही ४८-४७ पुढे होतात. तो पूर्ण खेळला असता तर काय झालं असतं हे मला खरंच सांगता येणार नाही. आमचा कप आहे, तो परत देणार नाही, पण सांगता येणार नाही.

कारमेलकर | २५ जून २०२५, ०३:३०

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही ३४ मारले आमचे २०, तिथे मॅच गेली. शेचे २९ आणि १२ असिस्ट. तक्रार नाही.

एक गोष्ट मला फार आवडते आणि ती कमी लोक बोलतात. ही फायनल खरं तर एका माणसाच्या दोन सौद्यांची होती, आणि तो माणूस मैदानात नव्हता. पॉल जॉर्ज. २०१७ ला पेसर्सनी त्याला ओक्लाहोमाला दिला, बदल्यात ओलाडिपो आणि सबोनिस, तेव्हा सगळे हसले होते की फुकट घालवला. सबोनिसचा पुढे झाला हॅलिबर्टन. दोन वर्षांनी ओक्लाहोमानी त्याच पॉल जॉर्जला क्लिपर्सला (लॉस एंजेलिसची टीम) दिला, बदल्यात शे आणि पिकची रास, त्यातल्या एका पिकवर जेलन विल्यम्स आला ज्यानी गेम ५ ला आमच्यावर ४० मारले. म्हणजे दोन्हीकडचे मुख्य खेळाडू त्या एकाच्या बदल्यात आलेले.

आणि दोन्ही गावं लहान. लॉस एंजेलिस नाही, न्यूयॉर्क नाही. मोठा स्टार आपणहून इथे येत नाही. पेसर्सना तर १९८८ ला रिक स्मिट्स दुसऱ्या नंबरला घेतला त्यानंतर पहिल्या पाचात स्वतःचं एकही पिक मिळालेलं नाही, कारण वरचं पिक हरणाऱ्या टीमला मिळतं आणि ही टीम मुद्दाम हरत नाही, मालक हर्ब सायमनना ते आवडत नाही. हॅलिबर्टन बारावा, सिआकम सत्ताविसावा, नेमहार्ड एकतिसावा. सिआकमच कॉन्फरन्स फायनलचा एमव्हीपी झाला.

इथल्या जुन्या लोकांशी बोललं की ते १९७७ पर्यंत मागे जातात. एबीए नावाची दुसरी लीग होती, त्यात पेसर्स तीनदा चॅम्पियन, १९७०, ७२, ७३. मग लीग बुडाली, १९७६ ला एनबीएत घेतलं पण तीस लाखांहून जास्त डॉलर प्रवेश फी घेऊन, आणि वर टीव्हीच्या पैशात सुरुवातीची वर्षं वाटाच नाही. वर्षभरात टीम विकायची वेळ आली. तेव्हा कोच स्लिक लेनर्ड आणि त्यांची बायको नॅन्सी यांनी टीव्हीवर रात्रभर टेलिथॉन चालवला, आठ हजार सीझन तिकिटं खपली पाहिजेत नाहीतर टीम जाणार. खपली. माझा शेजारी सत्तरीचा आहे, त्याच्या वडिलांनी त्या रात्री फोन लावून तिकिटं घेतली होती असं तो दर मॅचला सांगतो. एनबीएची ट्रॉफी अजून एकदाही नाही. २००० ला फायनलला गेले, लेकर्सनी ४-२ हरवलं, तेव्हा कोच होता इथलाच लॅरी बर्ड आणि त्याचा असिस्टंट होता कार्लाईल. पंचवीस वर्षांनी तोच माणूस घेऊन गेला आणि परत एवढं जवळ येऊन.

वरळी_सीफेस | २५ जून २०२५, ०९:४०

+१ टेलिथॉनसाठी. आमच्या इथल्या लोकल टीमला जर्सीचे पैसे जमवायला नगरसेवकाचे उंबरठे झिजवायला लागतात.

वाचनमात्र | २५ जून २०२५, ०९:५५

चिवडा संपला, शेव आणलीय. पुढे?

निक्सग्रस्त | २ जुलै २०२५, ०५:१०

धागा वर काढतो. बातमी बघितली का? मायल्स टर्नर चालला. मिलवॉकीला! चार वर्षांचा करार, शंभर मिलियन डॉलरच्या वर. आणि त्यासाठी जागा करायला मिलवॉकीनी लिलार्डला सोडून दिला, त्याचे उरलेले ११३ मिलियन पाच वर्षांत पसरून भरणार म्हणे. पेसर्सच्या घरात एवढी मोठी चोरी आणि कारमेलकर गप्प?

कारमेलकर | २ जुलै २०२५, ०६:२२

गप्प नाही, काल दिवसभर बोलायची इच्छा नव्हती.

दहा वर्षं. २०१५ ला आला, मधे प्रत्येक ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) त्याचं नाव यायचं, दर वर्षी वाटायचं हा जाणार, हा राहिला. दोनदा लीगमध्ये ब्लॉकमध्ये पहिला. पॉल जॉर्जबरोबर खेळला, ओलाडिपोबरोबर खेळला, हॅलिबर्टनबरोबर फायनलला गेला. आणि फायनलनंतर नऊ दिवसांत गेला, तेही मिलवॉकीला, ज्यांच्याशी आमचं मागच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वाकडं.

फायनलमध्ये त्याचा नेम बसत नव्हता हे खरं आहे, गेम ७ ला पण काही जमलं नाही. तरी. इथे लोक दोन गटात विभागलेत, एक म्हणतात मालक कंजूष, लक्झरी टॅक्स (पगाराची मर्यादा ओलांडली की लीग घेते तो दंड) भरायची तयारी नाही, फायनलला पोचलेली टीम मोडली. दुसरे म्हणतात हॅलिबर्टन वर्षभर नाही, मग आत्ता टॅक्स भरून काय उपयोग, बरोबर केलं. माझं मन पहिल्या गटात आणि डोकं दुसऱ्यात. मात्र हेही लक्षात घ्या की फायनलला आलेल्या दोन्ही टीमपैकी एकही लक्झरी टॅक्स भरत नव्हती, म्हणजे पैसे ओतले की जिंकता येतं असंही नाही.

राजेहो | २ जुलै २०२५, ११:३०

मालक काय कंजूष बिंजूष नाही राजेहो, मालक मालक असते. तुम्ही त मॅकॉनेल धरून ठेवा म्हनजे झालं.

फिजिओताई | ८ जुलै २०२५, १९:०५

पेसर्सचा बास्केटबॉल कारभार बघणाऱ्या केविन प्रिचर्डनी काल अधिकृतच सांगितलं, हॅलिबर्टन २०२५-२६ पूर्ण बाहेर. घाई करत नाहीयेत हे बघून बरं वाटलं.

विजांचा_कडकडाट | ८ जुलै २०२५, १९:३०

लवकर बरा होऊ दे. २०२६-२७ ला परत भेटू, तोपर्यंत आम्ही अजून एक-दोन कप घेऊन ठेवतो (ह.घ्या.)

कारमेलकर भाऊ, दहा माणसांचा तुमचा मुद्दा मात्र आता तपासून बघायला मिळेल. हॅलिबर्टन नाही, टर्नर नाही, उरलेले तेच, कोच तोच, पळापळ तीच. जिंकायला लागले तर मी इथे येऊन लिहीन की तुम्ही बरोबर होतात. हरले तर मात्र मी म्हणणार की सगळं त्या एका पोराच्या मनगटात होतं.

कारमेलकर | ९ जुलै २०२५, ०३:१५

डील. पण एक अट, नेमहार्ड आणि नेस्मिथ दोघं फिट असले तरच मोजायचं, नोव्हेंबरात सगळे जखमी होऊन १०-१५ झाले तर ते धरायचं नाही.

विजांचा_कडकडाट | ९ जुलै २०२५, ०९:०१

आत्तापासूनच कारणं सुरू :D

बोरिवलीची_मावशी | ९ जुलै २०२५, ११:४०

तुमचं चालू द्या, मला घाईचा प्रश्न आहे. नातवाच्या वाढदिवसाला पेसर्सची जर्सी पाठवायची आहे, मुलगा म्हणतो आई तूच नंबर ठरव. टर्नरची ३३ मनात होती तर तो गेला. शून्य नंबर घ्यावा तर इथे वर वाचलं ते वाचल्यापासून धाडस होत नाही. काय करू?

राजेहो | ९ जुलै २०२५, ११:४३

मावशी ९ नंबर घ्या, मॅकॉनेलचा. इचारूच नका.

वरळी_सीफेस | ९ जुलै २०२५, ११:५०

९ ला माझंही मत. वरळीला खेळून गेलेला तो एकच उरलाय आता.

निक्सग्रस्त | ९ जुलै २०२५, १८:२०

मावशी, आमच्या ब्रनसनची ११ नंबर निळी-केशरी पाठवा, नातू जन्मभर आठवण काढेल.

बोरिवलीची_मावशी | ९ जुलै २०२५, १८:३२

९ नंबरची ऑर्डर केली. साइज मोठीच घेतली आहे, म्हणजे दोन वर्षं तरी चालेल.